सावकार उठून गेला तेव्हा

मामांच्या सांगलीच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर, खिडकीच्या वरच्या कडेपाशी, एक फिकट तपकिरी रेघ आहे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. आयर्विन पुलापाशी तेव्हा पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. घराला नंतर दोनदा रंग दिला, पण ती रेघ मामांनी पुसू दिली नाही. रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला लावली. बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात पूल बांधण्यात गेलेला माणूस. पूररेषा पुसायची नसते, एवढंच त्यांचं म्हणणं.

यंदा दिवाळीला मी मुंबईहून निघाले ती अटल सेतूवरून. घरात पाऊल टाकल्यावर मी त्याचंच कौतुक सांगू लागले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"पूल उत्तमच आहे. पण जपानचं कर्ज आहे त्याला. आपल्याजवळ माणसं आहेत, सिमेंट आहे, पोलाद आहे. मग दुसऱ्याच्या दारात का जायचं? बांगलादेशाकडे बघ. वर्ल्ड बँक उठून गेली तरी पद्मेवर पूल उभा केला त्यांनी. 6.15 किलोमीटर, वर रस्ता, खाली रेल्वे. 25 जून 2022 ला उद्घाटन झालं. त्या दिवशी मी टीव्हीपुढून हललो नाही."

"आणि जमुनेवरचा? तो कुणाच्या पैशानं झाला?"

"तो परक्यांच्या मदतीचा. म्हणून तर पद्मेचं महत्त्व."

इथे आमचं वाजलं. संध्याकाळी सुरू झालेलं बोलणं जेवणं उरकून मामींनी ओटा पुसून घेतला तरी संपलं नव्हतं. त्यातलं आठवेल तेवढं इथे लिहिते आहे. मामांची बाजू मला पटली नाही, पण ती हलकी नव्हती.

जमुना म्हणजे आपली यमुना नव्हे. ब्रह्मपुत्रा आसामातून बांगलादेशात उतरली की तिला तिथे हे नाव मिळतं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिचा मुख्य प्रवाह पूर्वेकडून, मैमनसिंगच्या बाजूने वाहत होता. पुढे काही दशकांत तो पश्चिमेला सरकला आणि देशाच्या मधोमध नवीन नदी तयार झाली. एवढ्या अलीकडची, एवढी मोठी आणि एवढी अस्थिर नदी जगात फार थोड्या ठिकाणी असेल. पावसाळ्यात तिचं पात्र दहा-बारा किलोमीटर पसरतं. मोठ्या पुरात सेकंदाला एक लाख घनमीटरच्या आसपास पाणी तिच्यातून जातं. तिच्या पश्चिमेला रंगपूर, बोगुरा, राजशाही, पूर्वेला ढाका, आणि मध्ये फेरीबोटी. आरिचा-नगरबाडीच्या घाटावर मालट्रक तासन्‌तास उभे राहायचे, कधी दिवसच्या दिवस. उत्तर बंगालचा भाजीपाला रांगेतच सडायचा. कार्तिकात, भात कापणीच्या आधी, रंगपूरकडे शेतमजुरांच्या हाताला काम नसायचं आणि घरात दाणा नसायचा. त्या उपासमारीला तिकडे 'मोंगा' असा खास शब्दच आहे. काम ढाक्यात होतं, पण मध्ये नदी होती.

"पूल हवा ही मागणी मौलाना भासानींनी 1949 सालीच केली होती," मी म्हटलं. "पूल झाला 1998 ला. मधली पन्नास वर्षं कुठे गेली? तुमच्या स्वाभिमानाचा पैसा तेव्हा कुठे होता?"

"ती पन्नास वर्षं कुठे गेली तेच तर सांगतो." मामांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडून उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. बोलताना त्यांना कागद लागतोच. "बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर जपान्यांनी अभ्यास केला. 1976 मध्ये निष्कर्ष काय निघाला? खर्च 68 कोटी डॉलर आणि परतावा 2.6 टक्के. परवडत नाही. फाइल बंद. घाटावर अडकून मेलेलं बाळंतपणाचं बाईमाणूस त्या 2.6 मध्ये कुठे बसवायचं? रंगपूरचा उपाशी मजूर कुठल्या रकान्यात? दुसऱ्याचा पैसा म्हटला की त्याचाच हिशोब. पुलाची गरज कुणाला किती, हे ज्याला नदी ओलांडायचीच नाही तो माणूस ठरवतो."

हे मला मान्य करावं लागलं. खरं तर त्यांच्या मुद्द्याला आणखी एक आधार होता, तो मीच पुरवला. 1985 मध्ये, इर्शाद यांच्या राजवटीत, जमुनेच्या पुलासाठी बांगलादेशात वेगळा अधिभार लावला गेला. देणगीदार तयार होण्याच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी पुलापोटी पाचशे कोटी टाकांहून जास्त रक्कम भरली होती. ज्याला आपण परदेशी मदतीचा पूल म्हणतो त्याची पहिली रक्कम तिथल्या माणसांनी दिलेली आहे. वर्ल्ड बँकेची आयडीए, एशियन डेव्हलपमेंट बँक आणि जपान यांनी प्रत्येकी 20 कोटी डॉलर दिले ते नंतर, तेही कर्ज म्हणून. व्याज नाममात्र एक टक्का, हे खरं. पण ते फेडायचं होतं आणि बरोबर टोलही भरायचा होता.

"म्हणजे बघ," मामा म्हणाले, "आधी अधिभार, मग टोल, आणि डोक्यावर कर्ज. तीन वेळा पैसे भरून शेवटी नाव कुणाचं? मदत करणाऱ्याचं. 'मदत' हा शब्दच मला खटकतो."

"शब्द मलाही खटकतो, मामा. पण त्या पैशाबरोबर आणखी काय आलं तेही बघा ना."

"काय आलं? कोरियन कंपनी आली, डच ड्रेजर आले."

"ते नव्हे. ते तुम्हीच सांगा आधी. तुम्हाला ते जास्त कळतं."

मग मामा खुलले. हा भाग त्यांनी फार मनापासून सांगितला, आणि मी मध्ये तोंड घातलं नाही. कागदावर त्यांनी नदीचा छेद काढला. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्यांना खाली कातळ सापडतो, पाया खडकावर टेकवला की झोप येते, असं ते म्हणाले. जमुनेखाली कातळ नाहीच. वाळू आणि गाळ, कितीही खोल जा. पूर आला की नदी स्वतःचं पोट खरवडून काढते, आणि आज जिथे तळ आहे तिथे उद्या नुसतं पाणी असतं. म्हणून पोलादी नळीचे पाइल, अडीच आणि सव्वातीन मीटरच्या घरातल्या व्यासाचे, तिरपे ठोकून ऐंशी मीटरच्या आसपास खाली नेले. त्यांवर शंभर-शंभर मीटरचे गाळे. पुलाची लांबी 4.8 किलोमीटर.

"आता मला सांग," त्यांनी पेन्सिल थांबवली, "नदी पसरते दहा-बारा किलोमीटर आणि पूल पाच किलोमीटरचासुद्धा नाही. बाकीच्या नदीचं काय केलं?"

"बांधली."

"बांधली. दोन्ही काठांना दोन-दोन किलोमीटरहून लांब मार्गदर्शक बंधारे घातले. आधी ड्रेजरनं पाण्याखाली उतार कापला, त्यावर चटया अंथरल्या आणि वर दगड टाकला. त्या देशात दगड फारसा मिळत नाही, काँक्रीटला विटा फोडून खडी करतात. आणि खर्च ऐक. पुलावर सुमारे 27 कोटी डॉलर, नदीला वळण लावण्यावर 32 कोटी. पुलापेक्षा नदी महाग पडली. मी तरुणांना नेहमी सांगायचो, जमुनेवर पूल बांधला असं म्हणू नका, नदी पुलाखाली आणून बसवली म्हणा."

ऑक्टोबर 1994 मध्ये काम सुरू झालं आणि 23 जून 1998 ला पूल खुला झाला. अधिभार इर्शाद यांच्या काळात, कोनशिला खालिदा झियांच्या हातून, उद्घाटन शेख हसीनांच्या हातून. एकमेकांचं तोंड न बघणारी ही तीन सरकारं, पण पुलाचं काम थांबलं नाही. त्यानंतर लगेच, त्याच पावसाळ्यात, देशाचा दोन तृतीयांश भाग पाण्याखाली घालणारा 1998 चा महापूर आला. पूल हलला नाही, आणि त्याच्यावरून ट्रक जात राहिले.

हे सांगताना मामांचे डोळे भिंतीवरच्या रेघेकडे गेले.

मग मी माझं सांगितलं. काही वर्षांपूर्वी पुनर्वसनाच्या कामासाठी बांगलादेशात गेले होते तेव्हा ढाक्याहून बोगुऱ्याला जाणाऱ्या बसमधून मी तो पूल ओलांडला. जानेवारी होता. एलेंगाच्या पुढे टोलनाका लागला, मग बस पुलावर चढली आणि नदी संपेचना. पाणी थोडं, वाळू जास्त. त्या वाळूवर मधूनमधून हिरवे-पिवळे पट्टे, पत्र्यांची घरं, गाईगुरं, एका ठिकाणी शाळा सुटलेली मुलं. माणसं नदीच्या काठावर नव्हे, नदीत राहत होती. ह्या बेटांना तिकडे 'चर' म्हणतात. चर वर येतो, लोक त्यावर भुईमूग, कलिंगडं, मका लावतात, घर बांधतात. चर खचला की घराचे पत्रे सोडवून होडीत घालतात आणि दुसऱ्या चरावर जातात. एका आयुष्यात दहा-बारा वेळा घर हलवलेली माणसं मला भेटली.

"नदीला तुम्ही पुलाखाली आणून बसवलंत ना, मामा? मग तिच्यात राहणाऱ्यांचं काय झालं?"

"नुकसानभरपाई दिली असेल."

"ज्यांची जमीन रस्त्याखाली, बंधाऱ्याखाली गेली त्यांच्यासाठी योजना होती. पण नदी आवळल्यावर वरच्या आणि खालच्या अंगाला जे चर कापले जाणार होते, ज्यांच्यावर पाणी चढणार होतं, तिथली माणसं बाधितांच्या यादीतच नव्हती. कारण साधं. नदीत कुणी राहतं, हे कागदाला ठाऊकच नव्हतं. ऑगस्ट 1996 मध्ये चरावर काम करणाऱ्या एका संस्थेनं 75 चरांवरच्या लोकांच्या वतीनं तक्रार केली. कुठे केली? ढाक्यात नाही. वॉशिंग्टनला, वर्ल्ड बँकेच्या तपासणी मंडळाकडे. आणि पुढच्याच महिन्यात धूप आणि पूर यांच्या नुकसानीचा आराखडा जाहीर झाला. पूल पुरा व्हायच्या आधी चरावरची माणसं यादीत आली."

"तक्रारीमुळेच आली कशावरून? आराखड्याचा विचार आधीपासून चालू असेल."

"असेलही. मंडळानंही नंतर पूर्ण चौकशीची गरज नाही म्हटलं, कारण आराखडा आला होता. पण मसुदे कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात, हे तुम्ही खात्यात पाहिलेलं आहे. दार वाजलं की ते बाहेर येतात."

मामा काही बोलले नाहीत. मग अगदी वेगळ्याच दिशेनं आले.

"हे तपासणी मंडळ कधी निघालं?"

"1993."

"आणि कोयनेला वर्ल्ड बँकेचं कर्ज कधी मिळालं?"

त्यांचा रोख माझ्या लक्षात आला.

"1959 साली," त्यांनीच उत्तर दिलं. "वीज प्रकल्पाला, अडीच कोटी डॉलर. तीच कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि इथे माझ्या भिंतीपर्यंत येते. कोयनेचे धरणग्रस्त आजही आंदोलनाला बसतात, तिसरी पिढी. तेव्हाही पैसा परक्याचाच होता की. कुठे होतं तुझं दार? परका पैसा आला म्हणजे न्याय येतो, हे मला सांगू नकोस. तो सावकार आहे. हप्ता वेळेवर आला की त्याला चरावर कोण राहतं आणि कोयनेच्या खोऱ्यात कोण राहत होतं याच्याशी देणंघेणं नाही."

संध्याकाळभरात मामांनी मांडलेला हा सगळ्यात भक्कम मुद्दा. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देताना मला बरं वाटलं नाही, कारण ते माझ्याच माणसांच्या हरण्यातून आलेलं आहे.

कॉलेजात असताना मी पहिल्यांदा मणिबेलीला गेले. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदेकाठचं गाव. सरदार सरोवरच्या पाण्यात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडालेलं. त्या धरणाला वर्ल्ड बँकेनं 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. लोकांनी इतका प्रतिकार केला की बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली. तिचा अहवाल जून 1992 मध्ये आला आणि त्यानं पुनर्वसनाच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. मार्च 1993 मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून सांगितलं. त्याच वर्षी, या प्रकरणाची नाचक्की ताजी असताना, बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं. बुडणाऱ्या माणसाला सरळ बँकेकडे तक्रार करता यावी म्हणून.

"म्हणजे दार सावकारानं ठेवलेलं नव्हतं, मामा, हे तुमचं खरं. ते मणिबेलीसारख्या गावांनी भिंत फोडून पाडून घेतलं. तीन वर्षांनी त्याच दारातून जमुनेच्या चरावरची माणसं आत गेली. त्यांना मणिबेली ठाऊक नसेल. मणिबेलीला तर चर हा शब्दही ठाऊक नाही."

"आणि मणिबेलीला त्या दाराचा काय उपयोग झाला?"

"काही नाही. दार उघडेपर्यंत सावकार उठून गेला होता."

हे बोलून झाल्यावर मला जाणवलं, की ही सल मी आजवर नीट कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. बँक निघून गेली तेव्हा नर्मदेच्या खोऱ्यात आनंद झाला होता. जगातल्या सगळ्यात बलाढ्य सावकाराला आदिवासींनी परत पाठवलं होतं. मग सरकारनं सांगितलं, धरण आम्ही आमच्या पैशानं बांधू. आणि बांधलं. 2017 मध्ये ते पूर्ण उंचीनिशी देशाला अर्पण झालं. स्वतःच्या पैशाचं धरण, आणि त्याविरुद्ध बोलणारा देशाचा शत्रू. मी आयुष्यभर परदेशी कर्जाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लोकांमध्ये वाढले. तरी त्या गावांत बसल्यावर मला वाटून गेलं आहे, की बँक असती तर निदान हप्ता अडवण्याची भीती घालता आली असती.

"न्यायालय होतं ना?" मामांनी हळू आवाजात विचारलं.

"होतं. काही वर्षं काम थांबलंही. 2000 साली निकाल लागला आणि उंची परत वाढायला लागली."

मामी मध्येच येऊन कॉफी ठेवून गेल्या. मामांनी कप उचलला नाही.

"बरं, पद्मेकडे ये," ते म्हणाले. "तिथे तुझा सावकार कसा वागला ते बघू. 28 एप्रिल 2011 ला करार झाला, पद्मेतल्याच एका फेरीबोटीवर. 120 कोटी डॉलर. एक वर्ष झालं, भ्रष्टाचाराचा कट झाला म्हणून 29 जून 2012 ला करार रद्द. पूल उभाच राहिलेला नाही, मुख्य पुलाला एक पैसा सुटलेला नाही, आणि एका कोट्यवधी लोकांच्या देशाला चोर ठरवून हे मोकळे. पुढे 2017 मध्ये कॅनडातल्या न्यायालयानं त्याच आरोपातून तिघांना निर्दोष सोडलं. फोनवरच्या संभाषणांचा पुरावाच न्यायालयानं बाद केला. झालेल्या उशिराचं काय? 2007 मध्ये दहा हजार कोटी टाकांचा असलेला पूल तीस हजार कोटींवर गेला. तो फरक वॉशिंग्टननं भरला?"

"सगळा फरक उशिराचा नाही. रेल्वे नंतर आली, आराखडा बदलला. पण तुमचा मुद्दा कळतो. आरोप करून निघून जाणं सोपं असतं, आणि त्याची झळ बसते ती घाटावर उभ्या असलेल्या माणसाला. 2014 च्या ऑगस्टात मावा घाटाजवळ पिनाक-6 नावाची लाँच बुडाली. पूल वेळेवर झाला असता तर त्यातले किती जण पुलावरून गेले असते, हे मलाही छळतं."

"मग?"

"मग हे, की 'स्वतःचा पैसा' म्हणजे काय तेही बघा. पुलासाठी अर्थखात्यानं पूल प्राधिकरणाला कर्ज दिलं, एक टक्का व्याजानं, 35 वर्षांत फेडायचं. टोल आलाच. पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाणारा रेल्वेमार्ग चीनच्या कर्जानं झाला. मुख्य पूल चिनी कंपनीनं बांधला. एक सावकार उठून गेला आणि दुसऱ्यानं बैठक मारली. या दुसऱ्याच्या दारात तक्रारीची पेटी आहे का, हा माझा प्रश्न आहे."

"तो पैसा बांगलादेशानं स्वतःच्या अटींवर घेतला."

"सरकारानं, मामा. पद्मेकाठच्या माणसानं नाही. 2019 चा जुलै आठवतोय? पद्मेच्या पुलाला माणसांची मुंडकी लागतात अशी अफवा उठली होती."

मामांना आठवत होतं. आपल्याकडेही धरणात, पुलाच्या पायात पोर पुरतात म्हणून आया लेकरांना घरात घ्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या एका कामावर, कोकणात, गावकऱ्यांनी महिनाभर मुलांना शाळेत पाठवलं नव्हतं.

"तिकडे ती अफवा नुसती गावात फिरून थांबली नाही. मुलं पळवणारे समजून जमावानं किमान आठ जणांना ठार मारलं. मुलीच्या शाळाप्रवेशाची चौकशी करायला गेलेल्या एका आईला ढाक्यात शाळेच्या आवारात मारलं. प्राधिकरणाला पत्रक काढून सांगावं लागलं की पुलाला रक्त लागत नाही. ज्या पुलाला देशानं आपला पूल म्हटलं, त्याच्याविषयी तिथल्याच माणसांच्या मनात हे कुठून आलं? अडाणीपणा म्हणून मी ते सोडून देऊ शकत नाही. मोठं काम आपल्यातल्या दुबळ्याला खाऊन उभं राहतं, ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. पैसा आपला असल्यानं ती जात नाही."

मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. जमुनेच्या पुलाला पुढे तडे गेले. त्यानंतर त्यावरून रेल्वेगाड्या ताशी 20 किलोमीटरनं सोडाव्या लागल्या. शेवटी वरच्या अंगाला रेल्वेसाठी वेगळा पूल बांधला, तोही जपानच्याच कर्जानं, आणि मार्च 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

"मी हा मुद्दा तुझ्याविरुद्ध वापरणार होतो," ते म्हणाले. "परक्यांनी बांधलेल्या पुलाला तडे गेले म्हणून. पण खोटं पडेल ते. तडे माझ्याही एका पुलाला गेले होते, आणि तो शंभर टक्के आपल्या पैशाचा होता. फरक सांगू? जमुनेच्या तड्यांवर तज्ज्ञ बसले, अहवाल झाले. माझ्या पुलाच्या तड्यांचं पत्र मी वरच्या कचेरीला लिहिलं. तीन वेळा लिहिलं. तिथून उत्तर आलं नाही. मी निवृत्त झालो."

"कुठे गेलं पत्र?"

"जावक क्रमांक माझ्या वहीत आहे."

मी त्यावर काही बोलले नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, हे मामींच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या दारात उभ्या होत्या.

"तरीसुद्धा," मामा पुन्हा सावरून बसले, "मी म्हणेन की ते उत्तर सांगलीतून, मुंबईतून यायला हवं होतं. माझ्या पत्राचं उत्तर वॉशिंग्टननं द्यावं असं मला कधी वाटणार नाही. आपलं दार आपल्याच घराला असलं पाहिजे."

"असलं पाहिजे, हे मला मान्य आहे. ते होईपर्यंत चरावरच्या बाईनं काय करायचं?"

"थांबायचं असं मी म्हणत नाही."

"मग?"

मामींनी कप उचलले आणि ते तसेच हातात धरून बोलल्या. "मागच्या गल्लीत, नदीकडच्या वस्तीत, आपल्याकडे भांडी घासायला येणारी होती ना, तिचं घर एकोणीसला पहिल्याच रात्री गेलं. आपला पंचनामा पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी झाला. साहेब स्वतः आले, तुमची ओळख होती. तिचं घर भाड्याचं. नाव मालकाचं, मालक पुण्याला. तिच्या नावावर काही लागेना. मला येऊन म्हणाली, वहिनी, हे कुठे जाऊन सांगायचं असतं?"

"तू काय सांगितलंस?"

"मला माहीत होतं का? दोन साड्या दिल्या आणि एक स्टोव्ह दिला. नंतर ती यायची बंद झाली."

मामांनी कॅलेंडरचं पान स्वतःकडे फिरवलं. नदीचा छेद, ऐंशी मीटर खोल गेलेले तिरपे पाइल, खरवडीची तुटक रेघ, दोन्ही बाजूंना बंधारे. मधल्या वाळूच्या उंचवट्यावर त्यांनी काहीच काढलेलं नव्हतं. ते पान बराच वेळ बघत राहिले. मग मामींना विचारलं,

"तिचं घर नक्की कुठल्या बाजूला होतं?"